शिडीवरचा माकडखाऊ

कपेम्ब्वा माझ्या हातात छत्तीस वेळा मेला. वर्षाला चार सराव आणि नऊ वर्षं. सदतिसाव्या वेळी तो खरोखरच मरायला निघाला होता आणि मी जेवत होतो.

आम्ही लुसाकाच्या एका कंपनीसाठी मोबाइलच्या मनोऱ्यांची देखभाल करतो. मनोऱ्याला खालपासून वरपर्यंत लोखंडी शिडी असते. शिडी आहे आणि तिच्यावर माणूस आहे, म्हणजे कधी ना कधी तो लटकणार, हे कंपनी धरूनच चालते. म्हणून दर तीन महिन्यांनी एकानं लटकायचं आणि दुसऱ्यानं दोरानं त्याला खाली उतरवायचं. सुरुवातीला यासाठी वाळू भरलेला बाहुला होता, ऐंशी किलोचा. कपेम्ब्वानं त्याचं नाव ‘जेरेचा मेहुणा’ ठेवलं होतं. जेरे म्हणजे मी. पण पहिल्या सरावाआधीच बाहुला उसवला, जिथे नेऊ तिथे वाळू सांडायला लागला, आणि लटकायला माणूस कोण तयार आहे असं मुटिंटा मॅडमनी विचारलं. कपेम्ब्वानं लगेच हात वर केला. लटकलेल्या माणसाला काही काम करावं लागत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

मुटिंटा मॅडम आमच्या सुरक्षा अधिकारी. टोंगा जमातीच्या. त्या हसत नाहीत असं नाही, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.

चार मीटरवर लटकून कपेम्ब्वा आपलं मृत्युपत्र जाहीर करायचा. "माझी सायकल धाकट्या भावाला! माझा खोकला जेरेला! लोकहो, बघा, उंदीरखाऊनं मला मारलं!" मी वर चढून त्याच्या छातीवरच्या कडीत दोर अडकवेपर्यंत तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा व्हायचा. मीही गप्प बसायचो असं नाही. "माकडखाऊ, शेपूट आवर, दोरात अडकतंय," वगैरे. मॅडम खाली घड्याळ धरून उभ्या. त्या वहीत लिहायच्या, ‘सराव समाधानकारक. भाषा असमाधानकारक.’

पण भाषेला आमचा इलाज नव्हता. तो बेंबा, मी अंगोनी. आमच्या पणजोबांच्या काळी या दोन जमातींनी एकमेकांशी बरीच वर्षं लढाई केली. कुणालाच नीट जिंकता आलं नाही, म्हणून शेवटी असं ठरलं की भाल्यांऐवजी तोंडानं लढायचं. तेव्हापासून बेंबा हा माझा थट्टेचा भाऊ. तो भरबाजारात माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेऊन जाऊ शकतो. मी त्याच्या ताटातलं मटण उचलू शकतो. रागवायचं नाही. जो रागावला त्याला कोंबडी द्यावी लागते. आम्ही उंदीर खातो यावरून ते आम्हाला बोलणार, ते माकडं खातात यावरून आम्ही त्यांना. आणि एक मेला की दुसऱ्यानं प्रेताजवळ बसून मेलेल्याची टिंगल करायची, रडणाऱ्या बायकांना हसवायचं आणि खड्डाही खणायचा. थट्टेच्या भावाशिवाय पुरणं म्हणजे अनाथासारखं पुरणं.

नऊ वर्षांत कपेम्ब्वा माझ्याशी एकही वाक्य सरळ बोलला नव्हता. मीही नाही. आमचं उत्तम चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. न्यिंबा गावाच्या पुढे एका टेकडीवरचा मनोरा. वर एक दिवा बंद पडला होता. कपेम्ब्वा वर जाणार आणि मी खाली, बचावाची पिशवी घेऊन. खालच्या माणसाचं काम एकच, वरच्या माणसाकडे बघत राहायचं. मॅडम गाडी घेऊन गावप्रमुखाकडे गेल्या होत्या, वहीत सही घ्यायला. शिट्टी गाडीच्या आरशाला टांगलेली होती, म्हणजे तीही गावप्रमुखाकडे गेली होती. खरं संकट आलं तर लटकलेल्यानं तीनदा शिट्टी वाजवायची, असा मॅडमचा नियम. पण कपेम्ब्वानं त्या शिट्टीवर फुटबॉलच्या गोलांपासून चहाच्या वेळेपर्यंत सगळं वाजवलं होतं, म्हणून मॅडमनी ती त्याच्याकडून काढून घेतली होती.

ऊन असं होतं की लोखंडाला हात लावला तर चटका बसावा. मी यंत्रांच्या खोलीच्या मागे सावलीत जाऊन बसलो. तिथून शिडी दिसत नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतर मला बऱ्याच जणांनी विचारलं की दिसत होती का. नव्हती. मी तिथे बसायलाच नको होतं.

डबा उघडताना मी घड्याळ पाहिलं. जेवायची सुट्टी बाराला, आणि तेव्हा अकरा चाळीस झाले होते, म्हणून थोडं चोरट्यासारखं वाटलं. डब्यात न्शिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, दोन गोळे आणि तीन उंदीर. भाजून, मीठ लावून वाळवलेले. बायकोला माहेरून आले होते. आता हे लपवण्यात अर्थ नाही, अहवालातही आलेलं आहे.

पहिला घास घेतला आणि वर काहीतरी खणखणलं. मग कपेम्ब्वाची आरोळी.

"जेरे! ए उंदीरखाऊ! मी पडलो!"

"मग खाली का नाही आलास?" मी ओरडलो.

"लटकलोय! पाय मोडला माझा!"

"पाय मोडला तर शेपटीनं लटक! तुमच्यात तेच करतात ना?"

मी माझ्यावरच खूश झालो. असं उत्तर दर वेळी सुचत नाही. पहिला उंदीर संपवला.

"जेरे, मी मस्करी करत नाहीये!"

आता, हे वाक्य तो छत्तीसच्या छत्तीस वेळा म्हणाला होता. मृत्युपत्राच्या लगेच आधी हे वाक्य यायचं. त्यामुळे मी सायकलीची वाट बघत राहिलो.

"तुझा पणजाही हेच म्हणाला होता," मी ओरडलो, "माझ्या पणजानं त्याला झाडावर चढवलं तेव्हा!"

वरून काही तरी शिवी आली, पण अर्धीच. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, हरला. मी दुसरा उंदीर हातात घेतला. तोही खाल्ला. न्शिमाचा दुसरा गोळा फोडला. वरून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता, सावकाश, थांबून थांबून. काम करतोय, असं मी समजलो.

आणि मग तो बोलला. ओरडला नाही. टेकडीवर वारा नव्हता म्हणून ऐकू आलं.

"नोमसाचे बाबा, मला खाली घ्या हो. एवढी कृपा करा."

नोमसा माझी मुलगी.

थोरामोठ्यांना, सासऱ्याला, चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना असं मुलाच्या नावानं हाक मारतात. थट्टेच्या भावाला कुणी मारत नाही. माझ्या मुलीचं नाव त्याला माहीत आहे हेही मला माहीत नव्हतं. माझ्या हातातला घास तसाच राहिला. आयुष्यात मी एवढा कधी घाबरलो नाही. मी डब्याचं झाकण लावलं, का ते विचारू नका, आणि घड्याळ पाहिलं. अकरा एक्कावन्न.

खोलीच्या कोपऱ्यावरून शिडी दिसली. अडतीस मीटरवर एक पायरी एका बाजूनं निखळून लोंबत होती. भंगारवाल्यांसाठी कुणीतरी तिचे नटबोल्ट काढून नेले होते. कपेम्ब्वा तिच्या खाली पाठीच्या कडीवर लटकलेला, मान पुढे पडलेली, डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला. त्याच्या हातातला पाना शिडीवर आपटत होता. ते काम नव्हतं. तो मला हाका मारत होता.

पट्ट्यावर लटकलेल्या माणसाजवळ वेळ फार नसतो. मांड्यांवर पट्टे रुततात, रक्त पायात अडकतं, डोक्यापर्यंत पोहोचत नाही. सरावात त्याला आम्ही पाच मिनिटांच्या वर कधी लटकवलं नाही. मी पिशवी पाठीला लावली आणि चढायला लागलो. माझं वय तेव्हा एक्कावन्न. चढताना मी त्याला शिव्या देत होतो, कारण लटकलेल्याला बोलतं ठेवायचं असतं.

"ए माकडखाऊ! आलो! झोपू नकोस! तुझ्या राजानंही एवढी वाट बघितली नसती!"

वर पान्याचा आवाज थांबला.

"तू मेलास तर तुझ्या मयताला मला यावं लागेल! तुझ्या कासामापर्यंत बसनं! त्या बसमध्ये बसून माझं ढुंगण दुखतं!"

मला रडू येत होतं, आणि दोन्ही हात शिडीला असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

त्याच्या पायांशी पोहोचल्यावर शिडी सोडली. लटकलेल्याच्या अंगावरून चढायचं नसतं. मी मनोऱ्याच्या बाजूच्या तिरप्या लोखंडी पट्ट्यांवर गेलो, माझ्या कमरपट्ट्याचे दोन आकडे आळीपाळीनं अडकवत. एक अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, हे त्या घाईतही हात विसरले नाहीत, नाहीतर तिथे दोघं लटकले असते. त्याच्या डोक्याच्या दोन हात वर गेलो, जाड आडव्या लोखंडाला गोफ गुंडाळला आणि त्यात कप्प्यांचा संच आणि दोर धरणारं यंत्र अडकवलं. दोराचं टोक खाली सोडून त्याच्या छातीच्या कडीत आकडा लावला. त्याच्या तोंडातून फेस नाही, पण ओठ राखेच्या रंगाचे.

"पोराला सांगा," तो म्हणाला.

"मी बेंबांचे निरोप पोहोचवत नाही," मी म्हणालो. "स्वतः सांग."

माझ्या पिशवीत सुरी होती. पाठीच्या कडीपासून पायरीपर्यंतच्या ज्या पट्टीवर तो लटकला होता ती कापली की तो माझ्या दोरावर येणार, इतकं ते सोपं दिसतं. सरावात मी एकदा तसं केलं होतं. ताणलेल्या पट्टीवरून सुरी सटकली आणि दोराच्या बोटभर अंतरावर थांबली. मॅडमनी त्या दिवशी वही मिटून मला एवढंच विचारलं होतं, "सुरी कशासाठी असते, जेरे?" मी म्हणालो, "भाजीसाठी, मॅडम." म्हणून सुरी पिशवीतच राहिली. मी कप्प्यांवरून दोर ओढायला लागलो. आधी काहीच हललं नाही. मग तो टीचभर वर आला, मग वीतभर, आणि त्याची पट्टी सैल पडली. तिचा आकडा पायरीतून काढला. आता तो सगळाच्या सगळा माझ्या दोरावर होता. बाहुल्यापेक्षा जड होता.

सोडायला लागलो तेव्हा मोडलेला पाय शिडीच्या पायऱ्यांत अडकायला लागला. प्रत्येक पायरीला तो कण्हत होता. त्याला शिडीपासून लांब धरायला खालून कुणीतरी दुसरा दोर ओढायला हवा, आणि खाली कुणी नव्हतं. तेवढ्यात टेकडीवर गाडीची धूळ दिसली. मुटिंटा मॅडम गाडीतून उतरल्या, वर बघितलं, आणि वही जमिनीवर टाकली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"दोर माझ्याकडे टाका!"

मी आधीच त्याच्या पट्ट्याला बांधून ठेवलेला दुसरा दोर खाली फेकला. त्यांनी तो कमरेला घेतला आणि मागे मागे झुडपांत चालत गेल्या. कपेम्ब्वा शिडीपासून सुटून मोकळ्या हवेत आला. मग मी त्याला सोडत गेलो, एकसारखा, थांबू न देता, जसा सरावात छत्तीस वेळा सोडला होता. त्यांनी त्याला अंगावर घेतलं, आडवं केलं, मांडीचे पट्टे ढिले केले. मी वरून बघत होतो. त्याचा हात हलला. मी लोखंडाला कपाळ टेकून थोडा वेळ तिथेच थांबलो.

मिशनच्या दवाखान्यात त्याच्या नडगीत लोखंडी सळ्या घातल्या. तो वाचला. डावं पाऊल मात्र कायमचं लुळं राहील, असं डॉक्टर म्हणाले. चालेल, पण शिडी नाही.

मी अहवालात सगळं खरं लिहिलं. पहिली हाक अकरा चाळीसला, उठलो अकरा एक्कावन्नला, मध्ये काय करत होतो तेही. मॅडमनी शेरा मारला, ‘बचावास अकरा मिनिटं विलंब. कारण: सांस्कृतिक.’ लुसाकाच्या मुख्य कचेरीतून फोन आला, सांस्कृतिक म्हणजे काय? मॅडमनी समजावून सांगितलं. तीन आठवड्यांनी फर्मान निघालं की थट्टेच्या जमातींची माणसं एका मनोऱ्यावर पाठवू नयेत. मॅडमनी एक दिवस बसून बहात्तर जमातींचा तक्ता मांडला, त्यात जवळजवळ सगळ्याच एकमेकींच्या थट्टेच्या निघाल्या, आणि उलट कळवलं की असं केलं तर प्रत्येक मनोऱ्यावर एकेकटाच माणूस पाठवावा लागेल, आणि तो नियमात बसत नाही. मग ते फर्मान मागे घेतलं.

पण हे नंतरचं. चौथ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो, काखेत कोंबडी घेऊन. बाहेरच्या ओट्यावर त्याची बायको बुपे मुलाचे कपडे धूत होती. ती कासामाहून दीड दिवस बसनं आली होती. मी तिला एक गोष्ट विचारली, तिनं सांगितली. विचारताना मला लाज वाटली.

कोंबडी बघून कपेम्ब्वाच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही कशाला?" तो म्हणाला. "डॉक्टर तुला काय म्हणाले? खरं सांग, उंदीरखाऊ. मी मरतोय का?"

"मरत नाहीयेस."

"मग कोंबडी का आणलीस? अंगोनी बेंबाला फुकट कोंबडी देतो? बुपे! अगं लवकर ये, मी मरतोय वाटतं!"

"गप," मी म्हणालो. "ऐक. तू पहिल्यांदा ओरडलास तेव्हाच मी ऐकलं होतं. मला मस्करी वाटली. अकरा मिनिटं मी आलोच नाही. जेवत बसलो होतो."

तो असा हसला की सळ्या खडखडल्या. "ऐकलंत का!" तो अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगायला लागला. "मी वर लटकलोय आणि हा खाली उंदीर खातोय! अरे, असं काही मलाही सुचलं नसतं!"

"मी खरंच बोलतोय, कपेम्ब्वा."

"खरंच म्हणे!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसून खोकायला लागला. नर्सही तोंडावर हात ठेवून वळली. मी पुन्हा सांगितलं. जितकं खरं सांगावं तितके ते जास्त हसायला लागले. थट्टेच्या भावाचा कबुलीजबाब कोण खरा मानणार? मी त्याचा मानला होता का?

मी कोंबडी खाली ठेवली आणि त्याच्या खाटेजवळ गुडघ्यावर बसलो.

"चोलाचे बाबा," मी म्हणालो, "मला माफ करा."

हसणं थांबलं. आधी त्याचं, मग म्हाताऱ्याचं. दारात उभी राहिलेली बुपे कमरेच्या कापडाला हात पुसता पुसता थांबली. कोंबडी तेवढी खाटेखाली फडफडत होती.

"किती होते?" कपेम्ब्वानं विचारलं.

"काय?"

"उंदीर."

"तीन."

"तिन्ही खाल्लेस?"

"दोन. तिसरा डब्यातच राहिला. तेव्हा तुम्ही हाक मारलीत."

त्यानं आपल्या पावलाकडे बघितलं. बोटं हलवायचा प्रयत्न केला. ती हलली नाहीत. मी खाली मान घालून बसलो होतो. तो काय बोलेल ते ऐकायचीही माझी हिंमत होत नव्हती.

"बूट काढ," तो म्हणाला.

"काय?"

"बूट काढ, उंदीरखाऊ. चांगले आहेत. मला पाहिजेत."

थट्टेच्या भावानं मागितलं की द्यावं लागतं. मी बसल्या जागी नाड्या सोडल्या आणि बूट काढून त्याच्या उशाशी ठेवले. त्याच्या डाव्या पावलात तेव्हा बूट जाणार नव्हता, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही. मी ऑक्टोबरच्या उन्हात अनवाणी गाडीपर्यंत चालत गेलो. तळव्यांना फोड आले. चार दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

आता वर मी जातो आणि खाली तो असतो, मोडक्या खुर्चीवर, माझे बूट घालून, डावं पाऊल वाळलंय म्हणून त्या बुटात कापूस कोंबून. मॅडमनी शिट्टी त्यालाच परत दिली आहे. मी चढायला लागलो की तो दर वेळी ओरडतो, "ए उंदीरखाऊ! आज पड बरं का! मी डबा उघडतोय! तू ओरड, मी आधी जेवून घेतो!"

दोन वर्षं झाली. वर पोहोचलो की मी एकदा खाली बघतो. डबा खुर्चीशेजारी असतो, बंद. आणि तो मान वर करून, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत असतो. मी खाली पाय टेकेपर्यंत तो डबा उघडत नाही.